विवाहविच्छेद आणि मालमत्तेची वाटणी : महाराष्ट्र व गोवा येथील दोन विधिपरंपरांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

विवाहविच्छेदाच्या दाव्यात ‘कोणाला किती मिळणार’ हा प्रश्न सर्वांच्या तोंडी असतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्याआधी आणखी एक प्रश्न सोडवावा लागतो. तो म्हणजे समोरची वस्तू कोणत्या सदरात मोडते हा. मंगळसूत्र, माहेरची भांडी, सासऱ्याच्या नावावरील वाडा, पतीच्या पगारातून घेतलेली सदनिका, पत्नीने वीस वर्षे राबून पिकाऊ केलेले शेत या सर्व वस्तू एकाच संसारातील असल्या तरी कायद्याच्या लेखी त्यांची जात एक नसते. वाटणीचा निकाल पुष्कळदा या वर्गीकरणातच लागून गेलेला असतो आणि पुढचे गणित केवळ औपचारिक उरते.

भारतात या वर्गीकरणाच्या दोन भिन्न परंपरा शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. महाराष्ट्रात वस्तू कोणी दिली, केव्हा दिली आणि ती कोणाच्या नावावर आहे, यावरून तिचा धनी ठरतो. गोव्यात विवाह झाला एवढ्याच कारणाने पतिपत्नींची मालमत्ता, विरुद्ध करार नसेल तर, समाईक होते. तेरेखोलच्या खाडीच्या दोन तीरांवर हा फरक कसा निर्माण झाला आणि त्याचे परिणाम काय झाले, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे. महाराष्ट्रापुरते विवेचन मुख्यतः हिंदू कायद्यासंबंधी असून अन्य वैयक्तिक कायद्यांचा उल्लेख आवश्यक तेथेच केला आहे.

स्त्रीधन : उगमावरून केलेले वर्गीकरण

स्त्रीच्या मालमत्तेचे वर्गीकरण हा धर्मशास्त्रकारांच्या विशेष आवडीचा विषय दिसतो. मनुस्मृतीने स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले : विवाहाग्नीसमक्ष मिळालेले, सासरी जाताना मिळालेले, प्रीतीने दिलेले आणि भाऊ, आई व वडील यांच्याकडून मिळालेले. हे सर्व प्रकार वस्तूच्या उगमावरून पडलेले आहेत. वस्तूची किंमत, तिचा उपयोग किंवा ती मिळविण्यास लागलेले श्रम यांना या यादीत स्थान नाही. याज्ञवल्क्याने त्यात ‘आधिवेदनिक’ धनाची भर घातली. पतीने दुसरा विवाह केल्यास पहिल्या पत्नीला द्यावयाचे हे धन होय. तिला पूर्वी स्त्रीधन दिलेले नसेल तर दुसऱ्या विवाहाच्या खर्चाइतके आणि दिलेले असेल तर त्याच्या निम्मे द्यावे, असा नियम आहे. विवाहविच्छेद न मानणाऱ्या परंपरेत पत्नीला बाजूला सारण्याची किंमत ठरविण्याचा हा प्रयत्न होता. ती किंमत तिच्या संसारातील वाट्यावरून न ठरता सवतीच्या लग्नखर्चावरून ठरत होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

कौटिल्याचे अर्थशास्त्र याहून पुढे जाते. त्यात स्त्रीधनाचे ‘वृत्ती’ आणि ‘आबध्य’ म्हणजे निर्वाहाची तरतूद आणि अंगावरील अलंकार असे दोन भाग केलेले असून वृत्तीच्या संदर्भात दोन सहस्र पणांचा आकडा दिलेला आहे. परस्परद्वेष झाल्यास ‘मोक्ष’ म्हणजे विवाहातून सुटका मान्य आहे. धर्मविवाहांना मात्र ती सवलत नाही. स्त्रीच्या अपराधामुळे पुरुष मोक्ष मागत असेल तर तिच्याकडून जे घेतले ते त्याने परत करावे आणि पुरुषाच्या अपराधामुळे स्त्री मोक्ष मागत असेल तर मात्र ते परत करावे लागत नाही, असा नियम त्यात आढळतो. त्याची दिशा सरळ आहे : सुटका जो मागतो त्याने तिची किंमत मोजावी. हा ग्रंथ आर. शामशास्त्री यांनी १९०९ साली म्हैसूरहून प्रसिद्ध केला. इंग्रजी न्यायालयांनी ‘हिंदू कायदा’ म्हणून जे काही घडविले त्याचा पाया तोवर पक्का झालेला होता. न्यायाधीशांपुढे मनू होता, मिताक्षरा होती, कौटिल्य नव्हता.

मिताक्षराकार विज्ञानेश्वर हा चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याच्या काळात कल्याणी येथे, म्हणजे आजच्या बसवकल्याण येथे होऊन गेला. याज्ञवल्क्याच्या यादीअखेरच्या ‘आद्य’ या शब्दाचा आधार घेऊन त्याने वारसा, खरेदी, वाटणी इत्यादी मार्गांनी स्त्रीला मिळालेली सर्व मालमत्ता स्त्रीधनातच घातली. एका शब्दाच्या आधारे उघडलेले हे दार लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने एकोणिसाव्या शतकात पुन्हा लोटून घेतले. पतीकडून वारशाने आलेली मालमत्ता हे स्त्रीधन नव्हे, हा निर्णय १८६७ सालचा. स्त्रीकडून स्त्रीला वारशाने आलेली मालमत्ताही स्त्रीधन नव्हे, हा १९०३ सालचा. मुंबई इलाख्यात स्थिती थोडी बरी होती. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने सतराव्या शतकात काशी येथे रचलेला ‘व्यवहारमयूख’ गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण या भागांत प्रमाण मानला जाई. मुलीला वारशाने मिळालेली मालमत्ता मुंबई इलाख्यात तिच्या पूर्ण मालकीची समजली जात असे.

तथापि वर्गीकरणाच्या या साऱ्या खटाटोपात एक नियम फारसा कोणी हलविला नाही. स्त्रीने शिल्पकर्माने, म्हणजे स्वतःच्या हातच्या कसबाने मिळविलेले धन आणि परक्याने प्रीतीने दिलेले धन यांवर पतीची सत्ता चालते, असे कात्यायनाने सांगितले. हाच कात्यायन स्त्रीधनाचा मोठा रक्षक आहे. पती, पुत्र, पिता वा भाऊ यांनी स्त्रीधन बळाने वापरल्यास ते व्याजासह परत करावे, असे तो बजावतो. याचा अर्थ असा की स्त्रीला जे दान म्हणून मिळाले ते तिचे, पण जे तिने कमावले ते पतीच्या ताब्यातले. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९४६ साली निघालेल्या तिसऱ्या खंडात स्त्रीधनाचे जे विस्तृत विवेचन केले आहे, त्यावरून या नियमाची पकड किती काळ टिकली हे दिसते. पत्नीच्या श्रमाचा वाटणीत हिशोब न धरण्याच्या आधुनिक प्रथेची मुळे शोधावयाची झाल्यास ती येथे सापडतात, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

काडीमोड, फारकत आणि इंग्रजी न्यायालय

वरील शास्त्रचर्चा मुख्यतः उच्चवर्णीयांपुरती होती. दख्खनमधील बहुसंख्य जातींत काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी या नावांनी विवाहविच्छेद आणि पाट वा मोहतूर या नावांनी पुनर्विवाह रूढ होता. एल्फिन्स्टनच्या प्रेरणेने आर्थर स्टील याने दख्खनमधील जातींच्या रूढींचा जो संग्रह तयार केला तो १८२७ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षीच्या मुंबई रेग्युलेशन ४ ने मुलखातील रूढीला न्यायनिर्णयात अधिकृत स्थान दिले. जातपंचायतीपुढे फारकत होताना सासरचे दागिने परत करणे, पहिल्या पतीचा लग्नखर्च भरून देणे अशा देण्याघेण्याचा निवाडा होत असे. या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. स्त्री पाट लावून गेली की पहिल्या घरातील तिचा सारा अधिकार संपे आणि लग्नखर्चाची भरपाई ही बहुधा दोन पुरुषांमधील देवघेव असे. परंतु विवाह मोडताना मालमत्तेचा हिशोब एकाच बैठकीत मिटवावा, ही कल्पना येथे जिवंत होती.

इंग्रजी न्यायालयांनी ही बैठक मोडीत काढली आणि तिच्या जागी दुसरी काही दिली नाही. पहिल्या पतीच्या संमतीविना जातीने स्त्रीला पुनर्विवाहाची परवानगी दिली तर ती मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ साली अमान्य ठरविली. १८५६ च्या विधवाविवाह कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाहित विधवेचा मृत पतीच्या मालमत्तेवरील हक्क काढून घेतला होता. ज्या जातींत पाटाची रूढी आधीपासूनच होती त्यांनाही हे कलम लागू असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठरविले. अलाहाबादचे मत याच्या उलट होते. सुधारणेसाठी केलेल्या कायद्यातील दंड अशा रीतीने ज्यांना त्या सुधारणेची गरजच नव्हती त्यांच्याही माथी आला.

याच काळात इंग्लंडात विवाहित स्त्रीच्या स्वतंत्र मालमत्तेचे कायदे झाले. १८७० व १८८२ ही त्यांची वर्षे. तत्पूर्वी विवाहानंतर स्त्रीची मालमत्ता पतीच्या मालमत्तेत विलीन होत असल्याने ‘स्वतंत्र मालमत्ता’ हे तेथील स्त्रीचळवळीचे ध्येय होते. हिंदुस्थानात १८७४ साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला. त्याच्या चौथ्या कलमाने स्त्रीची कमाई तिची स्वतंत्र मालमत्ता ठरविली. परंतु हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख व जैन स्त्रियांना तो कायदा वगळण्यात आला. त्याआधीच्या १८६९ च्या घटस्फोट कायद्याने ख्रिस्ती दांपत्यांसाठी न्यायालयीन विच्छेदाची सोय केली. त्यातील ३९ वे कलम उल्लेखनीय आहे. व्यभिचारी पत्नीची मालमत्ता पती वा मुलांच्या हितासाठी बांधून देण्याचा अधिकार त्याने न्यायालयाला दिला. व्यभिचारी पतीच्या मालमत्तेबाबत तशी तरतूद नव्हती. हे कलम २००१ साली रद्द झाले, म्हणजे ते एकशे बत्तीस वर्षे कायद्याच्या पुस्तकात टिकले.

रखमाबाईंचा खटला या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. १८८४ ते १८८८ या काळात गाजलेला हा खटला संमतिवय आणि स्त्रीस्वातंत्र्य यांच्या संदर्भात सर्वश्रुत आहे. त्यातील मालमत्तेची बाजू तितकीशी चर्चिली जात नाही. रखमाबाईंचे वडील जनार्दन पांडुरंग यांच्या निधनानंतर आई जयंतीबाई यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला आणि पहिल्या पतीची मालमत्ता रखमाबाईंच्या नावे झाली. दादाजी भिकाजी यांनी पत्नीला नांदावयास पाठवावे म्हणून दावा लावला तेव्हा दोन्ही पक्षांनी एकमेकांवर या मालमत्तेच्या लोभाचा आरोप केला. राणी व्हिक्टोरियाने हा विवाह रद्द केला, अशी कथा लोकप्रिय चरित्रांतून आढळते. वस्तुतः १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन न्यायालयीन निर्णयाची अंमलबजावणी सोडून दिली, एवढेच घडले. हिंदू विवाह मोडण्याचा कायदेशीर मार्ग नसल्याने सुटकेची रक्कम पत्नीच्या बाजूने पतीला पोहोचली. जातपंचायतीतील फारकतीची जागा खाजगी तडजोडीने घेतली होती आणि ज्या स्त्रीजवळ दोन हजार रुपये नव्हते तिला ती जागाही उपलब्ध नव्हती.

‘समाईक’ या शब्दाची मर्यादा

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या राज्यात १९३१ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई प्रांतात तो १९४७ साली आला. केंद्रीय पातळीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू संहिता विधेयकाचा पुरस्कार करताना ९ एप्रिल १९४८ रोजी संविधान सभेत जे भाषण केले, त्यात स्त्रीधनाच्या असंख्य प्रकारांतील गुंतागुंत त्यांनी सविस्तर दाखवून दिली होती. हे सर्व प्रकार मोडून एकच प्रकार करावा आणि स्त्रीला मर्यादित नव्हे तर पूर्ण मालकी द्यावी, हा त्यांचा प्रस्ताव होता. हुंड्यासंबंधीची त्यांची योजना विशेष लक्षणीय होती. हुंडा म्हणून दिलेली मालमत्ता ही त्या मुलीसाठी ठेवलेला विश्वस्त निधी समजावी आणि ती अठरा वर्षांची झाल्यावर तिला तो मागता यावा, असे विधेयकात होते. विधेयक रखडले व १९५१ मध्ये आंबेडकरांनी राजीनामा दिला. पुढे विधेयकाचे तुकडे स्वतंत्र कायद्यांच्या रूपाने संमत झाले.

या तुकड्यांपैकी १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमाने कात्यायनाचा नियम अखेर संपविला. स्वतःच्या कसबाने वा श्रमाने मिळविलेली मालमत्ताही स्त्रीची पूर्ण मालकीची ठरली. मात्र १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात वाटणीसाठी एकच तोकडे कलम आले, ते २७ वे. विवाहाच्या वेळी वा त्यासुमारास भेट मिळालेल्या आणि पतिपत्नींच्या समाईक मालकीच्या असू शकणाऱ्या मालमत्तेबाबत न्यायालयाने योग्य ती व्यवस्था करावी, असे त्यात म्हटले आहे. येथे दोन अटी एकत्र घातल्या आहेत : वस्तू लग्नाच्या सुमाराची हवी आणि ती समाईक हवी. लग्नात आलेले कपाट या कलमात बसते. लग्नानंतर पंधरा वर्षांनी कर्ज काढून घेतलेले घर बसत नाही. संसारात प्रत्यक्ष जमविलेल्या संपत्तीला सदरच नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात तर एवढे कलमदेखील नाही.

या कलमाच्या अर्थावर उच्च न्यायालयांत दीर्घकाळ मतभेद राहिले. केवळ पत्नीच्या मालकीच्या वस्तू विवाहाच्या दाव्यातच परत देता येतात की त्यासाठी वेगळा दिवाणी दावा लावावा लागतो, हा मुख्य वाद होता. विवाहाशी संबंध असेल तर आधी वा नंतर दिलेली भेटही कलमाच्या कक्षेत येऊ शकते, असा उदार अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली लावला. त्यापूर्वी १९८५ साली याच न्यायालयाने स्त्रीधन पतीच्या ताब्यात असले तरी तो केवळ विश्वस्त असतो आणि ते परत न केल्यास फौजदारी विश्वासघात होऊ शकतो, असे ठरविले होते. आंबेडकरांच्या विधेयकातील विश्वस्ताची कल्पना अशी वळसा घालून परत आली. स्त्रीधन हे पतिपत्नींची समाईक मालमत्ता नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२४ मध्येही पुन्हा सांगावे लागले. मुसलमान स्त्रियांबाबत १९८६ च्या कायद्यात मेहर आणि विवाहापूर्वी, विवाहाच्या वेळी वा नंतर नातेवाईक, मित्र व पती यांनी दिलेली मालमत्ता मिळण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिला आहे. त्या कायद्यावर योग्य कारणांनी बरीच टीका झाली. परंतु या एका बाबतीत त्याची शब्दरचना हिंदू विवाह कायद्याहून सरस आहे.

पुरावा हा आणखी निराळा विषय. भेटवस्तूंच्या याद्या ठेवण्याचे नियम हुंडाप्रतिबंधक कायद्याखाली १९८५ साली झाले. महाराष्ट्रात विवाह ठरताना ‘याद’ करण्याची जुनी पद्धत आहे. तथापि ती देणेघेणे ठरविण्यासाठी असते, पुढे विच्छेद झाल्यास मोजदाद व्हावी म्हणून नव्हे. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने पतिपत्नींच्या मालमत्तेचे दावे कुटुंब न्यायालयाकडे सोपविले आणि १९८९ साली पुणे व मुंबई येथे अशी न्यायालये सुरू झाली. अधिकारक्षेत्र मिळाले, वाटणीचा नियम मात्र मिळाला नाही.

ही उणीव कायमच्या पोटगीने भरून निघते, असा युक्तिवाद केला जातो. तो पटण्याजोगा नाही. हिंदू विवाह कायद्याच्या २५ व्या कलमाखाली पोटगी ठरविताना पक्षकारांचे वर्तन पाहिले जाते. पुनर्विवाह केल्यास वा पत्नीचे चारित्र्य शुद्ध न राहिल्यास तिची रक्कम बदलण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. मालकीच्या वाट्याला अशी कोणतीही अट जोडलेली नसते. पोटगी गरजेवर आणि वर्तनावर ठरते, तर वाटा श्रमावर आणि सहभागावर. या दोहोंची गल्लत झाल्यानेच ‘तिला महिन्याला रक्कम मिळते, मग घर कशाला’ हा प्रश्न निरुत्तर करणारा वाटतो. भारतातील स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या समितीने १९७४ च्या ‘समानतेकडे’ या अहवालात हा भेद ओळखला होता. विवाहकाळात मिळविलेल्या मालमत्तेचा किमान एक तृतीयांश भाग विच्छेदाच्या वेळी पत्नीला मिळावा, अशी शिफारस तिने केली. १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात मोठी दुरुस्ती होऊन परस्परसंमतीचा घटस्फोट आला. ही शिफारस मात्र मागे राहिली.

गोवा : निमा हिस्सा

पोर्तुगालमध्ये विवाहाने संपत्ती समाईक होण्याची रीत फार जुनी आहे. १६०३ च्या फिलिपीन अध्यादेशसंग्रहापूर्वीपासून निम्म्या-निम्म्याचा विवाह हा तेथील सर्वसाधारण विवाह होता. व्हिस्कोंद द सेआब्रा याने रचलेल्या १८६७ च्या नागरी संहितेने तीच रीत ‘राज्याची प्रथा’ म्हणून कायम ठेवली आणि १८६९ च्या हुकूमनाम्यान्वये १ जुलै १८७० पासून ही संहिता गोव्यात लागू झाली. गोव्यातील हिंदूंच्या एकत्र कुटुंबादी चालीरीती १८८० च्या हुकूमनाम्याने काही प्रमाणात राखल्या. त्यात पुत्र नसल्यास विशिष्ट अटींवर दुसऱ्या विवाहाची मुभाही होती. तेव्हा ही संहिता सर्वांना सर्व बाबतींत समान होती, हे प्रचलित विधान जपून स्वीकारावे लागते. ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि महिन्याच्या आत, ३ नोव्हेंबरला, घटस्फोटाचा कायदा झाला. परस्परसंमतीचा घटस्फोट त्यात होता. पुढे १९४० चा व्हॅटिकनशी झालेला करार व त्यानंतरचा १९४६ चा हुकूमनामा यांमुळे चर्चमध्ये विवाह करणाऱ्या कॅथलिकांचा हा मार्ग अडला. १९ डिसेंबर १९६१ च्या मुक्तीनंतर १९६२ च्या प्रशासन कायद्याने जुने कायदे चालू ठेवले.

या संहितेत विवाहापूर्वी नोंदणीकृत करार करून चारपैकी एक व्यवस्था निवडता येते : संपूर्ण समाईकता, केवळ विवाहोत्तर कमाईची समाईकता, संपूर्ण विभक्तता किंवा आंदणाची व्यवस्था. करार नसेल तर पहिली व्यवस्था आपोआप लागू होते आणि विवाहानंतर ती बदलता येत नाही. विवाहापूर्वीची, विवाहानंतरची, वारशाची व कमाईची सर्व मालमत्ता एका राशीत पडते. वैयक्तिक वापराचे कपडे, वराने विवाहापूर्वी वधूला दिलेले अलंकार, समाईक होऊ नये अशा अटीवर मिळालेल्या देणग्या असे मोजके अपवाद आहेत. येथे वर्गीकरणाची दिशाच उलटी आहे. महाराष्ट्रात वस्तू पत्नीची असल्याचे पत्नीने दाखवावे लागते; गोव्यात वस्तू समाईक नसल्याचे जो म्हणतो त्याने दाखवावे. ज्या वधूला कायद्याची काहीच माहिती नाही तिला गोव्यात त्या अज्ञानाची किंमत मोजावी लागत नाही. या संहितेचे खरे वैशिष्ट्य तिच्या बहुचर्चित ‘समानते’पेक्षा या साध्या गोष्टीत आहे.

विवाह विच्छिन्न झाल्यावर ‘इन्व्हेंटरी’ची कार्यवाही होते. मालमत्तेची यादी व मूल्यांकन करावयाचे, एखाद्या वस्तूवर दोघांचाही दावा असेल तर आपसात बोली लावावयाची आणि ज्याच्याकडे अधिक किमतीची वस्तू जाईल त्याने दुसऱ्यास फरकाची रक्कम द्यावयाची, असा तिचा क्रम असतो. दोघांनी मिळून वा पत्नीच्या संमतीने पतीने केलेले कर्जही समाईक राशीतूनच फेडले जाते. १९६१ च्या आयकर कायद्यात १९९४ साली ५-अ हे कलम घालून गोव्यातील दांपत्यांचे घरभाडे, व्यवसाय, भांडवली नफा इत्यादींचे उत्पन्न निम्मे-निम्मे धरण्याची तरतूद पूर्वलक्षी प्रभावाने करण्यात आली. पगार मात्र ज्याचा त्याचाच राहिला.

गोव्याचे चित्र सर्वस्वी उजळ नाही. मालकी दोघांची, पण कारभार पतीचा, असे १८६७ च्या संहितेचे सूत्र होते. स्थावर विकण्यास दोघांची संमती लागते हे खरे. परंतु घरात बसून घेतलेली सही आणि मनापासूनची संमती यांत अंतर असते. दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. गोव्यात मुलीला मुलाबरोबर वारसा मिळतो आणि संपूर्ण समाईकतेमुळे माहेरच्या त्या वारशाचा निम्मा भाग जावयाचा होतो. म्हणूनच वडिलोपार्जित घर विकताना बहिणींबरोबर त्यांच्या पतींच्याही सह्या घ्याव्या लागतात. कमी दिवसांच्या, दुःखद विवाहातून बाहेर पडणाऱ्या स्त्रीला माहेरच्या घराचा अर्धा हिस्सा गमवावा लागणे हा न्याय म्हणता येत नाही. पोर्तुगालने १९६६ च्या नव्या संहितेत हा नियम सोडून केवळ विवाहोत्तर कमाई समाईक मानण्याची व्यवस्था सर्वसाधारण केली. गोव्यात मात्र लिस्बनने टाकून दिलेला नियम तसाच राहिला. २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्याने, जो २०१६ च्या डिसेंबरमध्ये अमलात आला, वारसा व इन्व्हेंटरीविषयक तरतुदींची नव्याने मांडणी केली. विवाहाने येणारी समाईकता टिकून आहे.

सातबारावरील नाव

महाराष्ट्रात समाईकतेचा नियम न आल्यामुळे स्त्रियांच्या मालमत्तेचा प्रश्न नाव लावण्याच्या चळवळीकडे वळला. शेतकरी संघटनेच्या १९८६ च्या चांदवड येथील महिला अधिवेशनानंतर शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम दिला. शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग स्वखुशीने पत्नीच्या नावे करावा, अशी त्याची कल्पना होती. कायद्याने जे दिले नाही ते सातबाराच्या उताऱ्यावर मिळवून देण्याचा हा प्रयत्न होता. त्याचे मोल मोठे आहे, पण त्याचा पाया पतीच्या औदार्यावर होता. १९९४ साली राज्याने महिला धोरण जाहीर केले आणि उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून त्या वर्षीच्या २२ जूनपूर्वी विवाह न झालेल्या मुलींना वडिलांच्या एकत्र कुटुंबात जन्मसिद्ध वाटा दिला. येथेही स्त्रीला हक्क मिळाला तो मुलगी म्हणून. पत्नी म्हणून नव्हे.

शहरांत हाच प्रश्न सदनिकेच्या रूपाने उभा राहतो. पतीच्या पैशाने पत्नीच्या नावे घेतलेली मालमत्ता तिच्याच हितासाठी घेतली असे गृहीत धरण्याची तरतूद १९८८ च्या बेनामी व्यवहार कायद्यात होती; २०१६ च्या दुरुस्तीनंतर ज्ञात उत्पन्नातून जोडीदाराच्या नावे केलेली खरेदी बेनामी ठरत नाही. त्यामुळे विच्छेदाच्या वेळी ‘नाव तिचे, हप्ते माझे’ हा वाद उद्भवतो आणि हप्त्यांच्या पावत्या असतात तशा स्वयंपाकाच्या, मुलांच्या संगोपनाच्या व आजारी सासूच्या शुश्रूषेच्या पावत्या नसतात. पतीच्या स्थावर मालमत्तेत पत्नीला वाटा देऊ करणारे विवाहविषयक दुरुस्ती विधेयक राज्यसभेने २६ ऑगस्ट २०१३ रोजी संमत केले होते. वाट्याचे प्रमाण न्यायालयाच्या विवेकावर सोडलेले होते. पंधरावी लोकसभा २०१४ मध्ये विसर्जित झाली आणि ते विधेयक व्यपगत झाले. त्यानंतर मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये, परदेशी नोकरी करणाऱ्या पतीच्या कमाईतून झालेल्या खरेदीत घर सांभाळणाऱ्या पत्नीचेही योगदान असल्याचे मान्य करून तिला समान वाटा दिला. तो निकाल विवाहविच्छेदाच्या दाव्यातील नव्हता आणि महाराष्ट्रातील न्यायालयांवर तो बंधनकारकही नाही.

दोन परंपरांची सीमा दरम्यान भूगोलाबाहेर सरकली आहे. गोव्याच्या रहिवाशाची मुंबईतील मालमत्ताही पोर्तुगीज संहितेनुसारच वारसांकडे जाईल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१९ रोजी दिला. निर्णय वारशासंबंधीचा असला तरी गोव्याच्या पद्धतीत वारसांचे वाटे पाडण्यापूर्वी जोडीदाराचा निमा हिस्सा वेगळा काढून ठेवावा लागतो. गिरगावातील एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर राहणारे एक दांपत्य गोव्याच्या अधिवासाचे आणि दुसरे रत्नागिरीकडील असेल आणि दोन्ही सदनिका पतीच्याच नावावर असतील, तर पहिल्या सदनिकेचा अर्धा भाग विवाहाच्या दिवसापासून पत्नीचा धरला जातो. दुसऱ्या सदनिकेत पत्नीने आपले म्हणून काय दाखवावे, याचे उत्तर आजही २७ व्या कलमातील लग्नाच्या सुमारास मिळालेल्या भेटवस्तूंपाशीच येऊन थांबते.